पुसण्याचा अधिकार

फाइल डिलीट केली की ती डिस्कवरून गेली, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. हार्ड डिस्क मजकूर ५१२ किंवा ४,०९६ बाइटांच्या कप्प्यांत ठेवते आणि कोणत्या फाइलचे कप्पे कुठे आहेत याची नोंद संगणक तिच्यावरच स्वतंत्र ठिकाणी करतो. डिलीटची आज्ञा फक्त या नोंदीपर्यंत पोचते. जुन्या ‘फॅट’ पद्धतीत फाइलच्या नावातले पहिले अक्षर खोडून तिथे २२९ हा अंक घातला जातो. तेवढ्यावरून संगणक ती फाइल नाही असे धरून चालतो. विंडोजच्या ‘एनटीएफएस’मध्ये नोंदीवर ‘जागा मोकळी’ अशी खूण होते. ‘क्विक फॉरमॅट’मध्ये अख्खी नोंदवहीच नवी मिळते. फिरत्या तबकड्यांच्या डिस्कवर या तिन्ही प्रकारांत कप्प्यांतला मजकूर जागच्या जागी असतो, त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत. सातबाऱ्यावरचे नाव कमी केल्याने जमीन हलत नाही, त्यातलाच हा प्रकार. ‘फोटोरेक’सारखी फुकट मिळणारी साधने नोंदवहीकडे पाहतही नाहीत. ती थेट कप्पे वाचत जातात आणि चित्राची फाइल ज्या ठरावीक बाइटांनी सुरू होते ते बाइट दिसले की तिथून चित्र उचलतात.

बेंगळुरूच्या सदर पत्रप्पा रोडवर, म्हणजे सगळे ज्याला एस. पी. रोड म्हणतात त्या बाजारात, जुने लॅपटॉप आणि सुट्या हार्ड डिस्क विकल्या जातात. ज्या शहरात कंपन्या दर काही वर्षांनी यंत्रे बदलतात, तिथे अशा मालाला तोटा नसतो. ‘फॉरमॅट मारून दिलंय’ एवढे आश्वासन विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला पुरते. ते कितपत पुरेसे आहे हे सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या एमआयटीतील दोघांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसले. त्यांनी अमेरिकेतल्या जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. उरलेल्यांत पत्रे, वैद्यकीय माहिती, पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते. अभ्यास जुना झाला. फाइल काढून टाकण्याविषयीचा समज मात्र तोच आहे.

इथे दोन प्रश्न उभे राहतात आणि दोन्ही संगणकापेक्षा फार जुने आहेत. एखादी गोष्ट नाहीशी झाली असे केव्हा म्हणायचे, हा पहिला. ती नाहीशी करण्याचा अधिकार कोणाचा, हा दुसरा. पहिला दर्शनांचा आहे, दुसरा धर्मशास्त्राचा.

नाश म्हणजे काय, यावर सांख्य आणि न्याय यांचे कधीच जमले नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत कार्य हे कारणात आधीपासून असतेच असे प्रतिपादन आहे. घडा मातीत होता, कुंभाराने तो प्रकट केला. मग घडा फुटला म्हणजे काय झाले? तो पुन्हा मातीत लपला. सांख्यांच्या मते जगात काहीच नष्ट होत नाही. दिसणे आणि न दिसणे एवढाच फरक, आविर्भाव आणि तिरोभाव. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या लेखी अभाव हा स्वतंत्र पदार्थ आहे आणि त्याचे चार प्रकार आहेत. त्यातला प्रध्वंसाभाव म्हणजे वस्तू मोडल्यावर येणारा अभाव. त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. फुटलेला घडा तोच घडा म्हणून परत कधी येत नाही. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हे सगळे चार-दोन वाक्यांत येते, संस्कृत पाठशाळांतला न्यायाचा पहिला धडा हाच ग्रंथ असतो. बेंगळुरूचे जुने संस्कृत महाविद्यालय चामराजपेठेत आहे आणि एस. पी. रोड तिथून फार लांब नाही, पण या दोन ठिकाणच्या विद्यार्थ्यांची गाठ पडत असेल असे वाटत नाही.

पडली तर वाद रंगेल. डिलीट झालेली फाइल सांख्यांची बाजू सिद्ध करते: मजकूर लपला, गेला नाही, योग्य साधन मिळताच पुन्हा प्रकटला. नैयायिक म्हणेल, जी गोष्ट परत आली तिचा ध्वंस झालाच नव्हता. नाश झाला तो नाव आणि मजकूर यांच्या संयोगाचा. त्याचे म्हणणे खोडता येत नाही. मात्र त्याच कप्प्यांवर शून्ये लिहिली गेली की पारडे फिरते. चुंबकीय कण तिथेच राहतात, त्यांची ती विशिष्ट मांडणी संपते. ती कारणात लीन झाली असे सांख्य म्हणू शकतो, पण त्या कारणातून तीच मांडणी पुन्हा काढून दाखवता येत नाही. डिस्कपुरते बोलायचे तर डिलीटच्या बाबतीत सांख्य बरोबर आहे आणि वर लिहून पुसण्याच्या बाबतीत न्याय. विकणाऱ्याला न्यायाच्या बाजूचा नाश हवा असतो आणि बहुतेक वेळा तो सांख्यांचा नाश करून मोकळा होतो.

वर लिहायचे किती वेळा? या प्रश्नाभोवती एक कर्मकांडच तयार झाले. पीटर गटमन या न्यूझीलंडच्या संशोधकाने १९९६ मध्ये एक निबंध वाचला. मजकुरावर नवा मजकूर लिहिला तरी जुन्या चुंबकत्वाची पुसट छटा उरू शकते, अशी त्याची मांडणी होती, आणि त्या काळातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्क ध्यानात घेऊन त्याने ३५ आवर्तनांची यादी दिली. कोणत्याही एका डिस्कला सगळी ३५ लागू नव्हती. लोकांनी मात्र आकडा उचलला, कारणे सोडली. पुढे गटमननेच तक्रार केली की ही यादी जादूटोण्याच्या मंत्रासारखी वापरली जाते आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने २००६ च्या मार्गदर्शिकेत सांगून टाकले की २००१ नंतरच्या बहुतेक फिरत्या डिस्कना एकदा वर लिहिणे पुरते. एक टेराबाइटच्या डिस्कवर सेकंदाला १५० मेगाबाइट वेगाने एक आवर्तन दोन तासांच्या आत होते. पस्तिसांना पावणेतीन दिवस लागतात. या जादा दिवसांत डिस्कचे काही होत नाही, पुसणाऱ्याच्या मनाचे होते. प्रायश्चित्तात जपसंख्या वाढवत नेणाऱ्याची अवस्था याहून वेगळी नसावी. विंडोजमध्ये व्हिस्टापासून पुढे ‘क्विक’ची खूण काढून साधा पूर्ण फॉरमॅट केला तरी सगळीकडे शून्ये लिहिली जातात.

एसएसडीमध्ये हे गणित कोसळते. तिथे फिरती तबकडी नसते, मजकूर सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक पेशींत राहतो. एकाच पेशीवर वारंवार लिहिले तर ती झिजते, म्हणून डिस्कमधला नियंत्रक प्रत्येक नवे लेखन दुसऱ्याच पेशीकडे वळवतो. वापरणाऱ्याला वाटते जुन्यावर लिहिले; प्रत्यक्षात नवे शेजारी लिहिले गेलेले असते आणि जुने नियंत्रकाला सवड होईपर्यंत पडून राहते. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की एकेक फाइल पुसण्याच्या प्रचलित पद्धती एसएसडीवर भरवशाच्या नाहीत, आणि काही डिस्कमध्ये तर कारखान्यातून आलेली पुसण्याची आज्ञाही नीट चालत नव्हती. म्हणून इथे उपाय उलट्या टोकाकडून करावा लागतो. मजकूर पहिल्यापासून कूटबद्ध करून लिहायचा, आणि विकताना मजकुराला हात न लावता फक्त किल्ली नष्ट करायची. विंडोजचे ‘बिटलॉकर’ आणि मॅकचे ‘फाइलव्हॉल्ट’ मजकूर असा कूटबद्ध ठेवतात. ॲपलच्या अलीकडच्या यंत्रांवर ‘सगळे पुसा’ म्हटल्यावर काही क्षणांत काम होते ते यामुळेच: किल्ली जाते, अब्जावधी अक्षरे तशीच राहतात.

ही स्थिती सांख्याच्या किंवा न्यायाच्या चौकटीत बसत नाही. मजकूर लपलेला नाही, तो समोर आहे. मोडलेलाही नाही, एक बिट हललेला नाही. तिला जागा आहे ती योगशास्त्रात. पतंजलीने क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न, उदार. व्यासभाष्य त्यांच्यापलीकडे पाचवी सांगते, दग्धबीज. प्रसुप्त क्लेश शांत दिसतो, पण त्याचा विषय समोर आला की जागा होतो. डिलीट केलेली फाइल नेमकी अशी प्रसुप्त असते. पुनर्प्राप्तीचे साधन हा तिचा विषय. दग्धबीज अवस्थेत बीज दिसते, हाताला लागते, पेरले तरी उगवत नाही. किल्ली गेलेल्या डिस्कला याहून नेमके नाव सापडणे कठीण. एक अट भाष्याप्रमाणे इथेही आहे: बीज पूर्ण भाजले गेले पाहिजे. मजकूर आधी उघडा लिहिला आणि विकायच्या आदल्या दिवशी बिटलॉकर सुरू केले, तर आधीच्या पेशींत काय राहिले याची खात्री देता येत नाही. किल्लीची एखादी प्रत कुठल्या खात्यात किंवा कागदावर उरली असेल तर तेही भाजणे अर्धवटच.

आता दुसरा प्रश्न, अधिकाराचा. डिस्क ज्याच्या मालकीची, मजकूरही त्याचाच, आणि पुसायचा की नाही ही त्याची मर्जी, असे वरवर वाटते. पण एखाद्या मध्यमवर्गीय घरातल्या लॅपटॉपमध्ये काय असते ते पाहावे. भावाच्या घरकर्जाची कागदपत्रे, आईचे तपासणी अहवाल, मित्राने विश्वासाने लिहिलेली मेल, सोसायटीच्या सगळ्या सभासदांचे फोन नंबर, शेजारच्या मुलीचा अर्ज भरून दिला तेव्हा स्कॅन केलेले तिचे आधार कार्ड. मालकाचा म्हणता येईल असा मजकूर त्यात थोडाच असतो. बाकी ठेव आहे.

ठेवीचे शास्त्र याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात आहे आणि त्यावरची सर्वांत वजनदार टीका, विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’, आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या राजवटीत लिहिली गेली. मोजून दाखवून दिलेली ती निक्षेप आणि आत काय आहे ते न सांगता, मोहोर करून दुसऱ्याच्या हाती दिलेली पेटी ती उपनिधी, असा भेद तिथे केला आहे. ठेव जशी घेतली तशी परत करायची. राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोराने चोरली तर ठेव सांभाळणारा दोषी नाही. स्वतःच्या फायद्यासाठी वापरली तर दंड आहे. पेटी उघडून पाहण्याचा किंवा पेटीसकट घर विकण्याचा अधिकार त्याला कुठेच नाही. हार्ड डिस्क हा उपनिधीचा आधुनिक नमुना मानला तर विकणाऱ्याचे कर्तव्य स्पष्ट होते: जे परत करता येईल ते परत करायचे, त्याची प्रत ज्याची त्याला द्यायची, आणि उरलेले तिसऱ्याच्या हाती पडणार नाही अशा रीतीने संपवायचे. नुसता क्विक फॉरमॅट मारून डिस्क देणारा मोहोर फोडून पेटी बाजारात ठेवत असतो, भले त्याला ते कळत नसेल.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मराठी परंपरेतूनच येतो. या परंपरेत लिहिलेले पुसणे हे पाप आहे. दानलेखांत दान आचंद्रार्क चालावे असे लिहितात, आणि जो ते मोडील त्याच्यासाठी शापाच्या गधेगाळी कोरलेल्या आहेत. बेंगळुरूतही अशा दानलेखाचे उदाहरण आहे. शहाजीराजांकडे हे शहर जहागीर म्हणून होते. पुढे ते एकोजीकडे, म्हणजे तंजावरच्या व्यंकोजीराजांकडे आले. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिराला एकोजीने एक गाव दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. १६८७ मध्ये मुघल सरदार कासिमखानाने बेंगळुरू घेतले आणि तीन लाखांच्या मोबदल्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हवाली केले. शहर विकले गेले, आधीच्या धन्याचा लेख तसाच राहिला, आणि तो तसा राहिला हेच योग्य झाले असे कोणीही म्हणेल. मग डिस्क विकताना आधीच्या धन्याचे लेख पुसणे हे कर्तव्य कसे?

उत्तर देहूत मिळते. तुकोबांच्या चरित्रात इंद्रायणीत कागद बुडण्याचे दोन प्रसंग आहेत. पहिल्यात त्यांनी स्वतः बुडवले. घराण्याची सावकारी होती, दुष्काळाने कुळे मोडली होती, आणि तुकोबांनी कर्जखते नदीत सोडली. भावाने, कान्होबांनी, वाटणी मागितली तेव्हा निम्मी खते त्यांना दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली, असे परंपरा सांगते. दुसऱ्या प्रसंगात रामेश्वरभट्टांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या. तेरा दिवस तुकोबा नदीकाठी उपाशी बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे; संताजी जगनाडे यांच्या स्मरणातून अभंग पुन्हा लिहिले गेले, असेही सांगतात. नदी तीच, कृती तीच. पण पहिल्या बुडवण्याला त्याग म्हणतात आणि दुसऱ्याला अन्याय, आणि यात कोणाचा गोंधळ होत नाही. खतांत तुकोबांचा दुसऱ्यांवरचा हक्क होता. तो बुडवायला ते मुखत्यार होते. भावाचा हक्क बुडवायला नव्हते, म्हणून निम्मी खते वाचली. वह्यांत जे होते ते ऐकणाऱ्यांचेही झालेले होते. ते बुडवायला सांगणारा कोण?

शिलालेखाचा प्रश्नही यातच सुटतो. दानलेख देवस्थानाचा हक्क सांगतो, म्हणून तो पुसणे पाप. जुन्या डिस्कवरचे दुसऱ्याचे आधार कार्ड कोणाचा हक्क राखत नाही, उलट ते राहिल्याने त्या माणसाचा हक्क जातो. पुसणे चांगले की वाईट, हे काय पुसले यावरून ठरत नाही. कोणाचा हक्क पुसला गेला यावरून ठरते. कंपनीला आपले हिशेब आठ आर्थिक वर्षे जपून ठेवावे लागतात, कारण त्यांवर भागधारकांचा आणि सरकारचा हक्क आहे. न्यायालयात पुरावा म्हणून लागेल असा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज मुद्दाम नष्ट करणे गुन्हा आहे. डिस्क कितीही शास्त्रशुद्ध रीतीने पुसली तरी तिथे ते शास्त्र गुन्ह्याचे हत्यार ठरते.

न्यायालये याच कसोटीकडे हळूहळू सरकलेली दिसतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये एका पित्याच्या अर्जावर असा आदेश दिला की निकालातले त्याच्या मुलीचे नाव इंटरनेटवरच्या शोधात दिसू नये. निकालाची प्रमाणित प्रत कोणी मागितली तर तीत मात्र नाव राहील. नाव झाकले, नोंद ठेवली. फाइल डिलीट करण्याच्या पद्धतीवर जो दोष ठेवला, तीच पद्धत इथे न्याय्य ठरते, कारण निकालावर समाजाचा हक्क आहे आणि नावावर त्या मुलीचा. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्या प्रकरणातले अर्जदार के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि बेंगळुरूचेच रहिवासी होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आणि काम संपल्यावर माहिती पुसण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली. मात्र घरगुती वापरासाठी माहिती ठेवणाऱ्या व्यक्तीला हा कायदा लागू नाही. कंपनीने लॅपटॉप न पुसता विकला तर तिला जाब विचारता येईल. घरातला लॅपटॉप विकणाऱ्याला या कायद्याखाली विचारणारे कोणी नाही. त्याच्यापुरते प्रकरण याज्ञवल्क्याच्या काळात होते तिथेच आहे.

प्रत्यक्ष क्रमाचा फार बाऊ करण्याचे कारण नाही. आधी हवे ते दुसरीकडे उतरवून ती प्रत उघडून पाहायची. मग सगळ्या खात्यांतून बाहेर पडायचे. ॲपलच्या यंत्रात हे राहिले तर घेणाऱ्याला ते सुरूच करता येत नाही. विंडोजमध्ये ‘रीसेट धिस पीसी’ निवडून सर्व काढून टाकण्याच्या पर्यायात डिस्क स्वच्छ करण्याची जोडखूण चालू करायची. ती आपोआप चालू असेल असे धरू नये. सुट्या एसएसडीला तिच्या कंपनीच्या साधनातून पुसण्याची आज्ञा द्यायची. डिस्क चालूच होत नसेल तर पुसणे शक्य नाही, कारण पुसण्याची आज्ञा ऐकायलाही डिस्क जिवंत लागते. मग तिचा चुरा करणे एवढाच मार्ग उरतो. बेंगळुरूजवळ दाबसपेटला ‘ई-परिसरा’ हा ई-कचऱ्याचा अधिकृत कारखाना २००५ पासून आहे. चालू डिस्क निव्वळ भीतीपोटी फोडणे मात्र उधळपट्टी आहे. एकदा नीट पुसले की ती दुसऱ्या घरात आणखी काही वर्षे चालते.

पुसल्यावर यंत्र पुन्हा उभे करायचे म्हणजे प्रणाली नव्याने बसवायची. विंडोजचा डिजिटल परवाना बहुधा मदरबोर्डशी बांधलेला असल्याने तो बहुतेक वेळा आपोआप परत येतो. पण कारखान्यातून निघाल्यासारखे झालेले हे यंत्र खरोखर कोरे नसते. डिस्क स्वतःच्या पोटात एक हिशेब ठेवते: एकूण किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, किती कप्पे खराब होऊन बदलले. ‘स्मार्ट’ या नावाची ही नोंद कोणत्याही फॉरमॅटने किंवा शून्ये लिहून जात नाही. वेदान्तात ज्ञानाने संचित कर्म जळते, प्रारब्ध उरते आणि ते भोगूनच संपवावे लागते, असा सिद्धान्त आहे; ब्रह्मसूत्राच्या चौथ्या अध्यायात ज्याचे फळ सुरू झालेले नाही तेवढेच कर्म ज्ञानाने नष्ट होते असे म्हटले आहे. डिस्कवरचा मजकूर संचितात जमा, चाललेले तास प्रारब्धात.

या तासांवर हक्क घेणाऱ्याचा आहे. किती वापरलेली वस्तू आपण घेतो आहोत हे कळणे त्याला किमतीइतकेच महत्त्वाचे, आणि ‘स्मार्टसीटीएल’ किंवा ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या साधनांनी ते पाहता येते. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत नव्या म्हणून विकलेल्या काही हार्ड डिस्क हजारो तास वापरलेल्या निघाल्या. विकणाऱ्या साखळीत कोणीतरी ‘स्मार्ट’मधला आकडा पुसून शून्य केला होता. त्या डिस्कमध्ये निर्मात्याची तपासणीसाठीची दुसरी एक नोंद होती. ती पुसायची राहिली होती, आणि तास तिच्यातून कळले.